उन्हातला पूर

दिवाळी सरली का हिंगनघाटच्या जिनासमोर, रुई-सरकी वेगळी कराच्या कारखान्यासमोर, कापसाच्या बंड्याइची रांग लागते. यंदाबी लागली. मी रोज सकाळी वडनेरवरून सायकलनं जातो, तं रस्त्याच्या दोन्ही अंगच्या बाभळीइले कापूस अटकलेला असते, बंडीतून उडून काट्याले बसलेला. कोवळ्या उन्हात असं वाटते का यंदा बाभळीलेबी कापूस लागला, आता तिनंबी एखादी बंडी जुपावी अन् रांगेत उभं राहावं.

गेटाशी बैलं सोडलेले असतात. तीन दगडाच्या चुली, त्याच्यावर भाकरी, धूळ, शेन, अन् साऱ्याच्या वरून सरकीचा तो गोडूस तेलकट वास. तो वास नाकात गेला का मले समुद्र आठवते. बाकीच्याइले मासळीच्या वासानं समुद्र आठवत असन. मले कापूस फुटला का आठवते. माह्या डोक्यातल्या वायरी कोनीतरी उलट्या जोडल्या.

तसं समुद्राचं अन् आमचं काई नातं नाई. आमच्या जिल्ह्यात समुद्रपूर हाय, पन तेथी पंचायत समिती हाय, समुद्र नाई.

मी जिनात गठानी शिवतो. मशीन रुई दाबून दाबून तिची गठान करते, वरून गोनपाट बसते, लोखंडी पट्ट्या आवळतात, अन् मंग गोनपाटाचे टोकं मोकळे राहतात ते दाभन-सुतळीनं शिवा लागते. याच्याले शाळा लागत नाई, म्हनून ते काम माह्याकडं आलं. शाळेत मी दोन दिवस गेलतो. पहिल्या दिवशी मास्तरनं मले ओळखलं नाई. दुसऱ्या दिवशी ओळखलं. तवापासून गेलो नाई. हे जे लिहिलेलं तुमी वाचून राह्यले ते माही बायको लिहिते, ती चौथी पास हाय. मी बोलतो, ती लिहिते, अन् मधामधात म्हनते का इतकी फेकू नोका. म्हनून तिनं खोडून जे उरलं तेवढं खरं समजजा.

त्यात मी डावखोरा. सारे जन टाका उजवीकडून डावीकडं नेतात, मी डावीकडून उजवीकडं. गाठबी उलटी. आमचा मुकादम म्हनते का तुही गठान आरशात पाह्यली तरच नीट दिसते.

माह्या मोठ्या भावाचं तसं नवतं. महादेव त्याचं नाव, आमी त्याले भाऊ म्हनो. दाभन त्याच्या हातात असला का टाके असे पडत का वहीवर रेघ वढली. फक्त बोलाले अटके. पहिला शब्द दाराशी येऊन उभा राहे, भाईर पाय टाकत नसे. माहं तोंड त्याच्या उलट, त्याले दारच नाई. लहानपनापासून भाऊचं बोलनं मीच पुरं करो. त्यानं ‘पा’ म्हटलं का मी त्याले पानी नेऊन देओ. कधी कधी त्याले पावशी, म्हंजे विळी, पायजे असे. मंग तो काई न बोलता पानी पिऊन घे, अन् उठून स्वतःच पावशी शोधे. मले वाटे, मी केवढं त्याचं काम करून राह्यलो.

एकदा आमच्या घरी गिरडकडचे पाहुने आलते, भाऊले पोरगी द्याले, घर पाहाले. आंगनात खाट टाकली, पोहे झाले, चहा झाला. पोरीच्या मामानं भाऊले नाव विचारलं. भाऊ म्हनला, “म... म...” अन् तेथंच अटकला. सारे गप. मले गप सहन होत नाई. म्या म्हटलं, आमच्या भाऊचं इंजिन थंडीत लवकर चालू होत नाई, हँडल मारा लागते. अन् उठून त्याच्या पाठीमागं उभा राह्यलो अन् विहिरीवरच्या इंजिनले मारतात तसं हँडल फिरवलं, तोंडानं आवाज काढत.

पाहुने लय हासले. माह्या उभ्या आयुष्यात माह्या गमतीले इतकं कोनी हासलं नवतं. मामाच्या तर डोळ्यात पानी आलं. भाऊनं हातातला कप खाली ठेवला, अगदी हळू, बशीचाबी आवाज नाई, अन् मागच्या दारानं गोठ्यात गेला. पाहुन्याइनं आठ दिवसानं निरोप धाडला का पोरगी अजून लहान हाय. पन तो निरोप ऐकाले भाऊ घरी नवता. तिसऱ्याच दिवशी तो गेलता. मायनं विचारलं कुठी गेला, बाबानं विचारलं काऊन गेला. मले कोनी काई विचारलं नाई. तेच वाईट होतं.

पाच वर्सं झाली. चिठ्ठी नाई, पत्तर नाई. चिठ्ठी कोन लिहीन, तोबी माह्यावानीच. मंग जिनातला एक हमाल बंबईले जाऊन आला, त्यानं सांगतलं का महादेव शिवडीकडं बंदराजवळ रुईच्या गोदामात दिसला, गठानी वाहून राह्यलता. बस, इतकंच.

त्याच साली माह्या लहान्या बहिनीचं, शेवंताचं, पवनारले जमलं. आनीबानी उठल्याच्या पुढच्या वर्साची गोष्ट असन. सालं मले लक्षात राहत नाई, पन कापूस ध्यानात राहते, अन् त्या साली बोंडं अशे फुटलते का वेचनाऱ्या बायाइच्या ओट्या दुपारच्या आतच भरत. लगन माघात धरलं.

आमच्यात लगन लागलं का नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळते. पिळता पिळता साऱ्या मांडवासमोर त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेते, मोठ्यानं बोलून. कबूल केलं का मंगच कान सुटते. लोक गंमत म्हनून पाहतात. शेवंतानं ती गंमत धरून ठेवली. चुलीपाशी बसलती, हातात फुंकनी होती. तिनं सांगतलं का माह्या लगनात कान पिळाले भाऊच पायजे, भाऊ आला नाई तं अंतरपाट धरू नोका. बाबानं समजावलं का नाम्या हाय ना, तोबी तुहा भाऊच हाय. नाम्या म्हंजे मी. शेवंता फुंकनीतून एकदा जोरानं फुंकली, राख उडाली, अन् मंग म्हनली, “याच्या हातात माहं लगन देऊ का हासाले?”

माय तिची समजूत काढत बसली, पन ती पोरगी भाऊवर गेलती. थोडं बोले, अन् बोललेलं मागं घेत नसे. पवनारवाल्याइनं ऐकलं असतं तं लगन मोडलं असतं. बाबा अंगनात दोन फेऱ्या मारून आले अन् मले म्हनले, “तूच घालवला, तूच आन.”

तं पौषात मी बंबईले निघालो. पौषात लगनं नसतात, जिनात चार दिवसाची सुट्टी भेटली. माह्या अंगात दोन बन्यानी, सदरा, बाबाचं जुनं स्वेटर, वरून घोंगडी, अन् डोक्याले कानटोपी. आमच्याकडं पौषात पहाटे बैलाच्या नाकातून धूर निघते, मले वाटलं बंबई त्याच्याहून मोठी हाय तं थंडीबी मोठीच असन. मायनं भाऊसाठी तिळाचे लाडू देलते, धोतराच्या फडक्यात बांधून, वर दोन गाठी मारून. म्हनली, रस्त्यानं खाशील नोको. हिंगनघाटवरून वर्धा, वर्ध्यावरून बंबईची गाडी.

सकाळी उतरलो तं बोरीबंदर. त्या ठेसनाचे खांब, ते रंगीत काचा, वर घुमट. मले वाटलं आपन राजाच्या वाड्यात उतरलो, अन् म्या चपला काढून हातात घेतल्या. ठेसनाच्या भाईरपावतर तसाच गेलो. हजार मानसं बुटानं चालून राह्यले अन् एक मानूस कानटोपी घालून, चपला हातात घेऊन. एक पोलीसवाला माह्याकडं पाहून हातानं रस्ता मोकळा करून द्याले लागला. त्याले वाटलं असन, हा नवसाले आला.

अन् ऊन काय ऊन. थंडी कुठीच नवती. आमच्या उन्हाले फक्त ताप असते, त्या उन्हाले चव होती, ओठावरून जीभ फिरवली का खारट लागे. एकाले विचारलं, बंदर कुठी हाय. त्याले वाटलं याले समुद्र पाहाचा हाय. त्यानं बोट केलं, मी चाललो. दगडाच्या इमारती अशा का एकेकीच्या सावलीत आमचा आठवडी बजार बसला असता. चालता चालता एक एक कपडा काढत गेलो. गेटवेपाशी पोहोचलो तवा घोंगडी खांद्यावर, स्वेटर कमरेले, कानटोपी खिशात.

तो दरवाजा तुमी पाह्यला असन. मी चारी बाजूनं फिरलो. एवढा मोठा दरवाजा, अन् मागं वाडाच नाई. मागं नुसतं पानी. चनेवाला म्हनला का इंग्रजाचा राजा येथून आलता अन् त्याचे सोल्जर येथूनच गेले. मंग मीबी त्याच्यातून चार बार आलो-गेलो, उगाच काऊन सोडा. चने घेतले ते कबुतराइनं खाल्ले. अन् मंग कठड्याशी उभा राहून पैलतीर शोधाले लागलो. आमाले पानी दिसलं का पहिले पैलतीर पाहाची सवय, कोन उभं हाय, कोनाची म्हैस हाय. तेथी कोनीच नवतं. मोठे जहाज उभे होते, लहान होड्या त्याच्या भवती फिरत होत्या, पान्यावर ऊन असं सांडलतं का नव्या पितळेच्या ताटाकडं पाहून राह्यलो. मले बरं वाटलं. खरं सांगतो, पाच वर्सांत पहिल्यांदा मले वाटलं का या जगात एवढी जागा हाय तं आपल्या चुकीलेबी कुठी ना कुठी जागा भेटन.

रुईचं बंदर हे नाई हे मले तेथी समजलं. एका लाँचवाल्यानं बसमधे बसवून देलं, कंडक्टरले सांगतलं याले शिवडीले उतरवजा. कंडक्टरनं उतरवलं. उतरल्या उतरल्या रुईचा वास आला. परक्या गावात कोनी आपल्या नावानं हाक मारावी तसं झालं. लाईनीनं गोदामं, मालगाडीचे रूळ, हातगाड्या, अन् गठानी, गठानी, जिकडं पाहा तिकडं गठानी. आमच्या जिनातून वॅगन भरून जाते तवा वाटे, एवढी रुई नेसते तरी कोन. तेथी पाह्यलं तं आमची वॅगन म्हंजे खिरीत एक तीळ.

पन वॉचमननं मले आत जाऊ देलं नाई. त्याचं खरं होतं. म्या त्याले सांगतलं का मले महादेव पायजे. त्यानं विचारलं, कोनता महादेव. म्या म्हटलं, आमचा. वडनेरले इतक्यात भागते. त्यानं हात जोडले अन् सांगतलं का दुपारी काम थांबलं का या, तवर धक्क्यावर जाऊन बसा, पाच मिनिटाची वाट हाय.

धक्क्यावर गेलो. समुद्र आटलता. गेटवेपाशी सकाळी डोळे भरून पाह्यलेला समुद्र, अन् येथी नुसता चिखल, दूरपावतर, काळा चकचकीत. मोठमोठ्या होड्या त्याच्यात आडव्या पडलेल्या, जशा उन्हाळ्यात नदीच्या डोहात म्हशी बसतात. मले त्या होडीवाल्याइची कीव आली. आमच्याकडं नदी चैत्रात आटते, येथी बिचाऱ्याइची पौषातच आटली. उतरत्या पायऱ्या होत्या, कोरड्या. सगळ्यात खालच्या पायरीवर लाडवाचं गाठोडं ठेवलं, घोंगडी ठेवली, वरच्या पायरीवर टेकलो. ऊन पाठीवर पडलं. आदल्या दिवसापासून झोप नवती. भाऊ भेटला तं काय बोलाचं हे मनात जुळवता जुळवता डोळा लागला. मी जुळवलेलं सारं गमतीचं होतं. माफीचं एकबी वाक्य मले जमत नवतं. माफी मागाले सुरुवात करो अन् शेवटी नक्कल येऊन उभी राहे.

तळव्याले गार लागलं म्हनून जागा झालो. पाय पान्यात. घोंगडी पोहून राह्यलती. गाठोडं कुठीच नवतं. होड्या साऱ्या उठून उभ्या राह्यलत्या, अन् पानी डोळ्यासमोर पायरी चढत होतं. वर पाह्यलं तं आभाळात ढगाचा तुकडा नाई.

आता तुमी हासाल. पन आमच्या नदीले जो पूर मानसं नेते तो उन्हातच येते. पावसात पूर आला तं मानूस सावध असते. पन वरच्या अंगाले कुठीतरी ढग फुटते, इकडं लख्ख ऊन, बाया धुनं धूत असतात, अन् पानी मुकाट्यानं चढते. असं एकदा पानी जिनाच्या गेटापावतर आलतं. तवापासून आमाले एकच शिकवलेलं हाय. उन्हात पानी चढताना दिसलं का विचार करत बसू नोको, वरडत सुट, अन् गठानी उचल.

म्या तेच केलं. एक चप्पल पायात, एक पान्यात, मी गोदामाकडं पळत सुटलो. “पूर आला,” मी वरडत होतो, “गठानी उचला, पूर आला.” वॉचमनले काई समजाच्या आत मी आत होतो. खालच्या थरातली एक गठान एकटाच उचलाले लागलो. तिचं वजन दोन क्विंटलच्या जवळ, माहं वजन तुमी मले पाह्यलं असतं तं समजलं असतं.

पन्नास-साठ हमाल जेवाले बसलते. पहिले सारे घाबरून उठले. मंग एकानं विचारलं, कसला पूर, कुठं. म्या समुद्राकडं बोट केलं. मंग जे हासनं सुटलं ते पत्र्याले जाऊन लागलं. एकाचा घास नाकात गेला. त्याइचा मुकादम सातारकडचा होता, मोठ्या मिशीचा, तो म्हनला, “अवो पावनं, भरती हाय ती. रोज येतीया, दोन डाव.”

म्या म्हटलं, “रोज दोन बार पूर येते अन् तुमी येथीच राहता?”

त्याच्यानं तं आगीत तेलच पडलं. मुकादमानं उठून माही नक्कल केली. ‘मले’ अन् ‘तुले’ करत, एक पाय अनवानी उचलून, हात वर करून गोदामात चक्कर मारली, अन् शेवटी एका गठानीले मिठी मारून कन्हला. नक्कल चांगली होती. मी त्या धंद्यातला हाय, मले समजते. सारे हासत होते अन् मी मधात उभा, अंगावर ओला पायजमा, हातात सुतळीचं तुटलेलं टोक. अन् मले तो कप आठवला, बशीचा आवाज न होऊ देता ठेवलेला.

तवा वरच्या थरावरून कोनीतरी उतरलं. गठानीवरून गठानीवर पाय देत, हातात लोखंडी आकडा. मिशी पिकाले लागलती, खांदे दुप्पट झालते. मुकादमाच्या अन् माह्या मधात येऊन उभा राह्यला.

“हा... हा मा...”

अन् ते सारं गोदाम थांबलं. मुकादमाचा हात वरच राह्यला. कोनी त्याचा शब्द पुरा केला नाई, कोनी दुसरीकडं पाह्यलं नाई. ते साठ मानसं असे उभे होते जशी मानसं रेल्वे फाटकावर गाडी जाईपावतर उभी राहतात. सवय होती त्याइले.

“हा माहा भाऊ हाय,” भाऊ म्हनला.

मुकादमानं हात खाली घेतला. मले बसाले गोनपाट झटकून देलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून हातावर ठेवली अन् सांगतलं का महादेवचा भाऊ म्हंजे आमचा पावना, आधी सांगाचं होतं. मंग थोडं खाली वाकून विचारलं का नक्कल लागली तर नाई ना. म्या मान हालवली, नाई म्हनून. लागलती.

भाऊनं मायचं विचारलं, बाबाचं, बैलाइचं. मायनं काय धाडलं विचारलं. म्या सांगतलं, लाडू. तो माह्या हाताकडं पाहे. म्या सांगतलं का लाडू समुद्राले गेले. भाऊचे खांदे हालाले लागले, अन् मले समजलं का तो हासून राह्यला. माह्या गमतीले भाऊ आधी कधी हासल्याचं मले आठवत नाई. ही तं गंमतबी नवती.

मंग त्यानं मले मागच्या रांगेत नेलं. आमच्या जिनाचा छापा असलेल्या गठानी तेथी रचलेल्या होत्या. त्यानं एका गठानीच्या शिवनीवरून अंगठा फिरवला. टाके डावीकडून उजवीकडं जात होते, मधात उसवलेले, अन् त्याच्यावरून दुसऱ्या सुतळीनं रेघ वढल्यावानी शिवलेलं. त्यानं हळूहळू, थांबत थांबत सांगतलं का दर साली वॅगन आली का तो पहिले माह्या गठानी शोधे. उलटी गाठ दिसली का त्याले समजे का नाम्या जिता हाय अन् अजून शिकला नाई. आकड्यानं उचलली का माही शिवन उसवे, रुई सांडे, अन् सांडली का त्या जिनाच्या नावानं बोंब होई. म्हनून तो जेवनाच्या सुट्टीत बसून त्या पुन्हा शिवे.

पाच वर्सं. मी तेथी टाके टाकत होतो अन् तो येथी ते नीट करत होता.

तवा म्या माफी मागितली. ती कशी मागितली ते माही बायको लिहू देत नाई, म्हनते तेवढं राहू द्या. एवढंच सांगतो का तिच्यात एकबी गंमत नवती, म्हनून लय लहान झाली.

मंग लगनाचं सांगतलं. शेवंताची अट सांगतली. भाऊ खाली पाहाले लागला. आकड्याचं टोक जमिनीवर घासत राह्यला. येथी ह्या मानसाइले वेळ हाय, त्यानं समजावलं, मांडवात कोनाले वेळ असते. कानपिळीले मोठ्यानं बोला लागते. तेथी पाहुने असतीन, गिरडकडचेबी असतीन. म्या म्हटलं, मी तुह्या बाजूले उभा राहीन. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का मले समजलं, त्याले भेव त्याचंच वाटते.

संध्याकाळी बसपावतर सोडाले आला. स्वतःच्या चपला मले देल्या. मी खिडकीतून विचारलं, येशील ना. बस सुटली तरी तो बोलून राह्यलता. पुढचं मले ऐकू आलं नाई.

घरी गेलो तं माय दारातच. काय म्हनला. म्या सांगतलं, सांगत होता, बस सुटली. बाबा म्हनले का याले धाडून काय फायदा. शेवंता मातर त्या दिवसापासून दळता दळता गानं म्हनाले लागली. तिले काऊन एवढी खात्री होती मले अजूनबी समजलं नाई. मले नवती. मांडवाचे खांब रोवले तरी नवती. हळदीच्या दिवशी मी सकाळपासून फाट्यावर उभा होतो. पहिली एस.टी. गेली, दुसरी गेली. तिसरीतून पहिले एक टिनाची पेटी उतरली अन् तिच्यामागं भाऊ, पांढऱ्या धोतरात, ऊन डोळ्यावर येते म्हनून हात कपाळाशी धरलेला.

पेटी म्या घेतली. रस्त्यानं मी एक शब्द बोललो नाई. एक किलोमीटर. गावात लोकाइनं विचारलं, नाम्याले बरं नाई का.

दुसऱ्या दिवशी लगन लागलं. अक्षता पडल्या. भाऊ पुढं झाला अन् त्यानं पवनारच्या नवरदेवाचा कान चिमटीत धरला. नवरदेवाकडच्या पोट्ट्याइनं हाळी देली, बोला साळेबुवा, सायकल पायजे का घड्याळ. हासनं झालं. वाजंत्री थांबली.

“माह्या ब...” भाऊ म्हनला. “माह्या ब... ब...”

अन् अटकला. मांडवात अशी शांतता झाली का चुलीवरच्या भाताचा आवाज येऊ लागला. त्या पोरीचे गिरडवाले मामा दुसऱ्या रांगेत होते. साऱ्याइच्या नजरा भाऊवरून सरकत सरकत माह्याकडं आल्या. बाबानंबी पाह्यलं. गावाले माहीत होतं, भाऊचं कोन पुरं करते. अन् खोटं काऊन सांगू, माह्या तोंडात शब्द आलता. एक नाई, चार आलते. त्यातल्या एकानं तं मांडव डोक्यावर घेतला असता. म्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं अन् दातानं गच्च धरलं. डोळ्यात पानी आलं. लोकाइले वाटलं, बहीन चालली म्हनून.

भाऊनं घाई केली नाई. डोळे मिटले. श्वास घेतला. कान सोडला नाई.

“माह्या बहिनीले,” तो म्हनला, “कवाच... हासू नोका.”

नवरदेव, मान वाकडी, कान तसाच चिमटीत, म्हनला, “नाई हासनार, भाऊ.”

मंग भाऊनं कान सोडला. वाजंत्री वाजली, शेवंतानं बाशिंगाआडून नाक पुसलं, लोक पंगतीकडं उठले. त्या नवरदेवाचा कान जेवन होईपावतर बरा झाला असन. माहा अजून दुखते.